'अनील' : तेलाबरोबर गेलेले क्रियापद

आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलेले शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. खून झालेल्या राजाचे भूत त्यात मुलाला भेटते आणि गाऱ्हाणे सांगते, की जीव तर गेलाच, पण मरतेवेळचे धर्मसंस्कारही घडले नाहीत. मूळ इंग्रजीत या गाऱ्हाण्यात एक शब्द येतो, 'अनअनील्ड'. म्हणजे ज्याच्या अंगाला पवित्र तेल लागले नाही असा.

यातले क्रियापद 'अनील'. आपल्या अनिलाशी, म्हणजे वाऱ्याशी, त्याचे काही नाते नाही. बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांना परिचित असलेले 'अ‍ॅनीलिंग', म्हणजे धातू तापवून सावकाश निववणे, तेही वेगळे. त्याचे मूळ 'पेटवणे' या अर्थाच्या शब्दात आहे. जुन्या इंग्रजीत तेलाला 'एले' म्हणत. त्याला 'वर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'अनील' झाले. 'एले' आला लॅटिन 'ओलेउम'वरून, आणि ते मुळात फक्त ऑलिव्हचे तेल. आपले 'तेल' तरी कुठे वेगळे? तेही तिळाचेच. शेजारच्या कानडीतले 'एण्णे'सुद्धा 'एळ्ळु' म्हणजे तिळावरूनच आले. आज आपण शेंगदाण्याच्या तेलालाही बिनदिक्कत तेल म्हणतो!

मग 'अनील' गेला का? इंग्लंडमध्ये धर्मसुधारणा झाली. १५४९ च्या प्रार्थनाग्रंथात आजाऱ्याची इच्छा असल्यास तेल लावण्याची सोय होती. १५५२ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. चाल बंद पडली, तसे क्रियापदही लोकांच्या तोंडून उतरले. इतके, की अठराव्या शतकात शेक्सपिअरचे संपादन करणाऱ्या पोपसारख्या कवीनेही त्या शब्दाचा अर्थ 'मृत्युघंटा न वाजलेला' असा लावला. बिचाऱ्या भुताचे गाऱ्हाणे पुन्हा एकदा वाया गेले म्हणायचे.

आज इंग्रजीत त्या जागी 'अनॉइंट' आहे. तो फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन 'उंग्वेरे', म्हणजे माखणे. हा धातू आणि संस्कृत 'अञ्ज्' एकाच कुळातले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. या 'अञ्ज्'पासून आपले अंजन झाले आणि अभ्यंगही. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसवून आई पाठीला तेल चोळते, तेव्हा त्या स्नानाला आपण जे नाव देतो त्यात हाच धातू आहे. 'अनील' मात्र उरला तो बहुधा त्या भुताच्या तोंडी, आणि तोही नकारार्थी.