प्रिंट केला ऑब्जेक्ट, दिसला पासवर्ड! पायथॉनमध्ये असं का होतं?
पायथॉनमध्ये स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट प्रिंट केला, तर साधारणपणे क्लासचं नाव आणि मेमरीतला पत्ता एवढंच दिसतं. वाचण्याजोगा मजकूर हवा असेल, तर क्लासमध्ये दोन मेथड लिहिता येतात. ‘__स्ट्र__’ ही वापरकर्त्यासाठी. प्रिंट आधी तिलाच विचारतं. ‘__रेप्र__’ ही प्रोग्रामरसाठी. पहिली लिहिलेली नसेल, तर प्रिंटही दुसरीच वापरतं. लिस्टमधले ऑब्जेक्टही ‘__रेप्र__’ सांगेल तसेच दिसतात.

२०१८ मध्ये पायथॉन ३.७ सोबत आलेले डेटाक्लास ही ‘__रेप्र__’ आपोआप तयार करतात. सोय मोठी, पण त्यात सगळी फील्ड येतात, अगदी पासवर्डसुद्धा! असा ऑब्जेक्ट लॉगमध्ये लिहिला गेला, की लॉग पाहणाऱ्या प्रत्येकाला पासवर्ड दिसतो. उपाय एका ओळीचा आहे: त्या फील्डला ‘रेप्र=फॉल्स’ द्या. पासवर्ड ऑब्जेक्टमध्ये राहतो, छापला मात्र जात नाही.