सुवर्णमहोत्सवी मधुचंद्र : स्पितीच्या खोऱ्यात, पण सावकाश

लग्नाला पन्नास वर्षे झाली की मुले हौसेने समारंभ करतात. परंतु त्या पिढीतील अनेकांचा मधुचंद्र झालेलाच नसतो. एकत्र कुटुंब, मोजकी रजा, धाकट्या भावंडांची शिक्षणे यांत तो राहून गेलेला असतो. तो आता साजरा करावा असे आपणास वाटत असेल आणि मन हिमाचलातील स्पितीकडे ओढ घेत असेल, तर ती इच्छा अवास्तव मानू नका. मात्र आखणी पंचविशीतल्या जोडप्यासारखी करू नका.

स्पितीतील ताबो येथील मठ इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. मातीच्या भिंतींवरील त्याच्या चित्रांमुळे त्याला 'हिमालयातील अजिंठा' म्हणतात. गाव नदीकाठच्या सपाटीवर असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनाही तेथे फिरणे फारसे जड जात नाही.

खरी कसोटी उंचीची आहे. काझा हे मुख्य गाव सुमारे ३,७०० मीटरवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, म्हणून प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला दिवस द्यावे लागतात. मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे एका दिवसात काझा गाठण्याचा मोह म्हणूनच टाळावा. शिमल्याकडून जावे. शिमला (सुमारे २,२०० मीटर), सांगला (२,७००), कल्पा (२,९००), ताबो (३,३००) आणि मग काझा, असे टप्पे घ्यावेत. शक्य तेथे दोन रात्री मुक्काम करावा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. पावसाळ्यात किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा. रात्री मात्र कडाक्याची थंडी असते.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी उभयतांनी डॉक्टरांना भेटावे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, चालताना छातीत दुखत असेल, फुप्फुसांचा जुना गंभीर विकार असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर हा बेत सोडावा. उंचीसाठी अॅसेटाझोलामाइड हे औषध देतात. पण सल्फाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते आपल्या मनाने घेणे धोक्याचे. नेहमीची औषधे दुप्पट घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. इन्सुलिन गोठू देऊ नये. मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून जाणे ही उंचीच्या त्रासाची पहिली चिन्हे. ती दिसताच आणखी वर जाऊ नये. स्वस्थ बसूनही धाप लागणे, सततचा खोकला, तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी मात्र दूर जावे लागते.

येथे मुलांना व सुनांना एक विनंती. सहल भेट देताना परतीची तारीख दोन-तीन दिवस सैल ठेवा. पैसे वाया जातील या धास्तीने आईवडील त्रास अंगावर काढतात. आणि ज्येष्ठ वाचकहो, जोडीदाराचा हिरमोड होऊ नये म्हणून दुखणे लपवण्याची सवय आपल्या पिढीच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हाडीमाशी खिळलेली आहे. उंचावर ती सवय जिवावर बेतू शकते. म्हणून निघण्यापूर्वीच एकमेकांना वचन द्या : रोज सकाळी दोघांनी विचारायचे, दोघांनी खरे सांगायचे, आणि एकाने 'पुरे' म्हटले की दुसऱ्याने वाद न घालता सामान आवरायचे.

कदाचित आपण सांगल्यालाच थांबाल. सफरचंदांच्या बागा, समोर हिमशिखरे आणि शेजारी पन्नास वर्षांची सोबत. मधुचंद्राला तेवढे पुष्कळ आहे.