आपल्याला धोका आहे का?

मी सर्व्हरच्या देखभालीचे काम करतो. संगणकाच्या सुरक्षेतला एखादा दोष बातम्यांत झळकला, की फोन येऊ लागतात, ‘‘अहो, आपल्याला धोका आहे का?’’ याचे उत्तर घाबरून देऊ नये आणि अंदाजानेही देऊ नये. ते शोधून काढावे लागते.

बँकेचा व्यवहार असो की ई-मेल, मजकूर गुप्त राखण्याचे काम बहुतेक सॉफ्टवेअर एखाद्या तयार लायब्ररीवर सोपवतात. ‘ओपनएसएसएल’ ही अशीच एक लायब्ररी. ७ एप्रिल २०१४ रोजी तिच्यातला ‘हार्टब्लीड’ दोष जाहीर झाला. जोडणी चालू आहे ना, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला छोटा संदेश पाठवून तोच परत मागतो. त्याची लांबी पाठवणाराच सांगतो. कोणी चार अक्षरे पाठवून चौसष्ट हजार मागितली, तर ही लायब्ररी खातरजमा न करता मेमरीतला शेजारचा मजकूरही देऊन टाकी. त्यात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्लीसुद्धा!

अशा वेळी मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, आवृत्ती कोणती? औषध सदोष निघाले तर आपण पट्टीवरचा बॅच नंबर पाहतो, तसेच हे. हार्टब्लीड १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत होता, जुन्या ०.९.८ आणि १.०.० मध्ये नव्हता. मात्र नुसत्या आकड्यावर विसंबू नये. डेबियनने आवृत्तीचा मूळ आकडा तोच ठेवून दुरुस्ती दिली होती. शिवाय काही प्रोग्रॅम लायब्ररीची स्वतःची प्रत पोटातच बाळगतात. ती वेगळी शोधावी लागते.

दुसरा प्रश्न, सदोष भाग वापरात आहे का? ‘ओपनएसएसएच’ हीच लायब्ररी वापरत असे, पण तो भाग वापरत नसल्याने ते सुरक्षित राहिले. तिसरा, परक्याला तिथवर पोचता येते का? इंटरनेटला जोडलेला सर्व्हर आधी हाती घ्यावा.

दुरुस्ती केली म्हणजे काम संपले नाही. चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत जुनीच लायब्ररी असते. तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. हार्टब्लीडची चोरी सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत दिसत नसे, म्हणून किल्ल्या, प्रमाणपत्रे, पासवर्ड हे सारे बदलावे लागले. कॅनडाच्या महसूल खात्यातून तेव्हा सुमारे ९०० जणांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले.

याची दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच लायब्ररीतल्या नव्या दोषांचा बराच गाजावाजा झाला. ते ३.०.० ते ३.०.६ या आवृत्त्यांत होते, १.१.१ वापरणाऱ्यांना त्यांची झळ नव्हती. ‘आपल्याला धोका नाही’ हेही उत्तर असू शकते, पण ते तपासून आलेले हवे.

म्हणून आपल्या कार्यालयात कोणते सॉफ्टवेअर कोणत्या लायब्ररीवर चालते, याची यादी आजच करून ठेवा. बातमी येईल त्या दिवशी ती करायला सवड मिळत नाही.