पात्रनिर्मितीचे नियम सोपे कसे करावेत?



भूमिकांच्या कथाखेळात एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि धाडस साधले की फसले हे फाशावर ठरते. या जातीचा पहिला छापील खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. भाषेच्या तासास तो फार उपयोगी पडतो. मात्र मुले अडतात ती उंबरठ्यावरच, म्हणजे पात्र तयार करताना.

मूळ नियमांप्रमाणे बल, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई व प्रभाव या प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज मांडावयाची, मग मोहरा मोजून सामान घ्यावयाचे. तीन फाशांची दाने २१६ प्रकारे पडतात. त्यांत १८ ही बेरीज एकदाच येते, १० मात्र २७ वेळा. गणितास हे उत्तम! परंतु मी चौथीच्या एका वर्गात हा प्रयोग केला तेव्हा घंटा झाली तरी कागदच भरणे चालू होते. एका मुलीच्या वाट्यास पाच, सहा, सात अशाच बेरजा आल्या. “गुरुजी, मी खेळातसुद्धा कच्चीच का?” तिने विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

२०१४ च्या आवृत्तीत फाशांऐवजी १५, १४, १३, १२, १०, ८ हे तयार अंक घेण्याची मुभा आहे. अंक सर्वांस सारखेच. कोठे उणे राहावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्या वर्गासाठी हेच आणखी आटोपशीर करता येते. बल, चपळाई व बुद्धी हे तीनच गुण ठेवावेत आणि ३, २, १ हे अंक मुलांनी त्यांत वाटावेत. प्रसंगी एकच फासा टाकून गुणांक मिळवावा. बेरीज ६ वा अधिक झाली की काम फत्ते. सामान एकच वस्तू. पात्र कशास भिते, हे एक वाक्य मात्र गाळू नये. कथा तेथूनच सुरू होते. (१९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात पात्र तयार होता होताच मरण पावू शकत असे. मोठ्यांस त्यात मौज वाटो. चौथीत ती नको.)

पुढील खेपेस पाटीवर दहा मिनिटांत पात्रे उभी राहिली. त्याच मुलीने बलास १ दिला, बुद्धीस ३, आणि वस्तू म्हणून शिट्टी घेतली. कशास भिते, या रकान्यात तिने लिहिले, “फळ्याजवळ उभे राहण्यास.”