ऑर्का आणि प्रशिक्षक यांच्यातले अंतर

ऑर्का हा डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. मोकळ्या समुद्रात त्याने माणसाचा जीव घेतल्याची नोंद नाही. बंदिस्त तलावांत मात्र चार मृत्यू झाले. त्यांतल्या तीन मृत्यूंशी तिलिकुम या एकाच नराचे नाव जोडलेले आहे. १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडलेला हा नर कॅनडामार्गे अमेरिकेत, ऑरलँडोच्या सीवर्ल्ड या सागरी उद्यानात आला. २४ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने डॉन ब्रँशो या अनुभवी प्रशिक्षिकेला पाण्यात ओढले आणि त्यात तिचा अंत झाला.

अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाने सीवर्ल्ड कंपनीला दंड ठोठावला. प्रशिक्षण आणि खबरदारीमुळे धोका आटोक्यात असल्याचा कंपनीचा दावा २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही मान्य केला नाही. प्रयोगात प्रशिक्षक व ऑर्का यांच्यात अडथळा किंवा सुरक्षित अंतर आवश्यक ठरले.

कारण उघड आहे. शिट्टीचा इशारा आणि मासळीचे बक्षीस यांनी वागणुकीला वळण लागते, पण हमी मिळत नाही. कित्येक टनी जनावर बिथरले, तर पाण्यातल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. २०१६ मध्ये सीवर्ल्डने ऑर्कांची पैदास थांबवत असल्याचे जाहीर केले. असलेले ऑर्का मात्र तलावांतच राहिले.