शिंदखेड्याभोवतीच्या काळ्या भिंती

डायनासोरचं हाड शोधायचं असेल, तर गुजरातेत बालासिनोरला नाहीतर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला जावं. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याची जमीन लाव्ह्याची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरावर थर साचलेल्या या काळ्या दगडात हाडं मिळायची नाहीत. पण पाहण्याजोगं बरंच आहे.

डाइक ओळखायची कशी?

धुळे-नंदुरबार पट्ट्यात शेताशिवारांतून काळ्या दगडाच्या सरळ, अरुंद टेकड्या पूर्व-पश्चिम धावतात. या डाइक. कवच उत्तर-दक्षिण ताणलं गेलं, भेगा पडल्या, त्यांत लाव्हा शिरून गोठला. पुढे बाजूचा मऊ खडक झिजला आणि भिंत उघडी पडली. भूशास्त्रज्ञांनी इथे २०० हून अधिक डाइक नकाशावर मांडल्या आहेत. सर्वांत लांब जवळपास ७९ किलोमीटर. खूण सोपी: पसरलेल्या लाव्ह्यात दगडाचे खांब उभे असतात, डाइकमध्ये ते रचलेल्या सरपणासारखे आडवे. थंडावा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आत शिरतो आणि खांब त्याच दिशेने वाढतात, म्हणून.

विहीर खणणाऱ्यालाही डाइक ठाऊक असलेली बरी. ती घट्ट असेल तर भूजल अडवते आणि वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी टिकतं. भेगाळलेली असेल तर तेच पाणी वाहून नेते. दुष्काळी तालुक्यात ही माहिती पुस्तकी राहत नाही.

शहामृगाची अंडी, सावळद्याच्या झोपड्या

माणसाच्या खुणांसाठी मात्र नद्यांकडे वळावं लागतं. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ सा. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि जाळीदार रेघा कोरलेला एक तुकडा मिळाला. वय सुमारे २५ हजार वर्षं. म्हणजे खानदेशात तेव्हा शहामृग होते आणि नटण्याची हौस असलेली माणसंही!

त्यामानाने सावळदा संस्कृती कालची, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. तापीकाठच्या सावळदा गावाचं नाव तिला मिळालं. साक्री तालुक्यात कावठ्याला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने याच लोकांची वस्ती खणली. तिथे जमिनीत खड्डा करून उभारलेल्या झोपड्यांच्या खुणा मिळाल्या. त्या मुलखाचं पाणी पांझरेतून येतं आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीला मिळतं.

कानबाई

याच नद्यांवर श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवलेली खानदेशची देवी कानबाई सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला निघते. नारळाची देवी, गव्हाचे रोट. रोट खायचे ते भाऊबंदांनीच. हिचा धागा सावळद्याशी जोडण्याचा मोह टाळावा. मधल्या चार हजार वर्षांचा पुरावा कुणी दिलेला नाही.

कधी जावं?

डाइक उन्हाळ्यात, गवत वाळल्यावर स्पष्ट दिसतात. सकाळी लवकर निघावं, खानदेशी ऊन कुणाची गय करत नाही. नदीकाठी खापर दिसलं तर जागेवरच फोटो काढावा, खिशात घालू नये. जागेवरून हललेलं खापर अभ्यासकाच्या फारसं कामाचं उरत नाही. जुन्या वस्तू जवळून पाहायच्याच असतील, तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय आहे.