धडा लिहिणाऱ्याचाही हक्क

रायपूरच्या उत्तरेस, उरला औद्योगिक क्षेत्राला खेटून असलेले बीरगांव ही प्रामुख्याने कामगारांची वस्ती. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, छत्तीसगड शासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि ठिकठिकाणच्या शिक्षकांनी स्वतः धडे घडवले. त्या उत्साहाचे मला कौतुक वाटते. परंतु आयुष्य प्रशासनात घालवलेल्या माणसाला एक प्रश्न छळतोच: धडा ज्या सॉफ्टवेअरवर तयार होतो, ते कोणाला गृहीत धरून बनवलेले असते?

एक साधे उदाहरण घ्या. या भागातील कार्यालयांत वर्षानुवर्षे क्रुतिदेव फॉन्ट चालत आला. त्यात डोळ्यांना ‘भारत’ दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तेथे एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरे असतात. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तीच वाचतो. शिक्षकाचा हेतू शुद्ध, मजकूर अचूक, तरीही धडा निरर्थक! सॉफ्टवेअरने तो मजकूर चिकटवतानाच ‘हे युनिकोड नाही’ असे बजावले असते, तर पुढचा सारा घोळ टळला असता.

नेमकी हीच अपेक्षा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सप्टेंबर २०१५ मध्ये मान्य केलेल्या ‘एटॅग २.०’ या मार्गदर्शिकेत आहे. तिचे दोन भाग आहेत. चित्राचे वर्णन मागणे, त्रुटी तपासणे, सुगम नमुने पुरवणे, ही सॉफ्टवेअरची जबाबदारी दुसऱ्या भागात येते. पहिल्या भागाकडे मात्र आपल्याकडे फारसे कुणी पाहत नाही: लेखनसाधन स्वतःच अपंग लेखकाला वापरता आले पाहिजे. केवळ माउसने ओढून प्रश्नसंच रचावा लागत असेल, तर अंध शिक्षक धडा ऐकू शकेल, लिहू शकणार नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे पॅरिस आठवते. व्हॅलेंताँ हाउई यांच्या अंधशाळेत अठराव्या शतकाच्या अखेरीस उठावाची रोमन अक्षरे बोटांनी वाचायला शिकवत. ती डोळसांची अक्षरे होती. अंधांना ती कष्टाने वाचता येत, लिहिता जवळजवळ येतच नसत. लुई ब्रेलने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांनी पाटी आणि टोचणी त्यांच्याच हाती दिली. तरी त्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारायला १८५४ उजाडले, म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे राज्य छत्तीसगडसह इंग्रजांनी खालसा केले ते साल. तोवर ब्रेल हयात नव्हते.

कायद्याची उणीव आहे असे म्हणवत नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर सुगम असावा असे सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम १५ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम आखण्यास सांगितले. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानकही उपलब्ध आहे.

गाडी अडते ती खरेदीच्या टेबलावर. निविदेत वापरकर्त्यांची संख्या, सर्व्हरची क्षमता, देखभालीची वर्षे सारे बारकाईने लिहिले जाते. सुगम्यतेला एखादे मोघम वाक्य मिळते. अमेरिकेच्या कलम ५०८ खालील २०१७ च्या सुधारित मानकांत लेखनसाधनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. आपल्या राज्यांनीही निविदेतच लिहावे: पुरवठादाराने अंध शिक्षकाला कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर देऊन, कुणाच्या मदतीविना, देवनागरीत एक पूर्ण धडा करवून दाखवावा, तो झाल्याखेरीज देयक मंजूर होऊ नये.